ओल्या हवेत बंद पडणारे इंजिन

उन्हाळाभर बिनतक्रार धावणारा जुना पिकअप ट्रक पावसाची झड लागताच चढावर आचके देऊ लागतो व बंद पडतो. ऊन पडले की पूर्ववत् चालतो. अशा वेळी एकामागून एक सुटे भाग बदलण्याकडे मालकाचा कल होतो. परंतु दोष हवेबरोबर येतो व हवेबरोबर जातो, हीच त्याच्या निदानाची पहिली खूण होय. हे विवेचन कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्यूटर असलेल्या पेट्रोल इंजिनांपुरतेच आहे. डिझेल इंजिनात ठिणगीची योजनाच नसते.

या इंजिनांतील प्रज्वलनाची पद्धती अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास रूढ केली. बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब इग्निशन कॉइल सुमारे २०,००० व्होल्टपर्यंत चढवते व डिस्ट्रिब्यूटर तो पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पोहोचवतो. एवढ्या दाबाची वीज सर्वांत सोपी वाट शोधते. शुद्ध पाणी विजेचे मंदवाहक असते. पण धूळ व क्षार मिसळलेला ओलावा तारांवर व डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर बसला की तिला तशी वाट मिळते. चढावर सिलिंडरमधील दाब वाढतो व प्लगच्या फटीत ठिणगी पडण्यास अधिक व्होल्ट लागतात. नेमक्या याच वेळी वीज बाहेरच्या बाहेर निसटते.

ही गळती डोळ्यांनी पाहता येते. रात्री उघड्या जागी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून व हातब्रेक ओढून, इंजिन चालू असताना बोनेट उघडावे. तारांभोवती निळसर ठिणग्या दिसल्या तर दोष सापडला. न दिसल्यास फवाऱ्याने पाण्याचा बारीक तुषार प्रथम तारांवर, मग झाकणावर, शेवटी कॉइलच्या माथ्यावर उडवावा. प्रत्येक भाग सुकल्यावरच पुढच्याकडे वळावे. ज्या ठिकाणी इंजिन अडखळेल, तेथे दोष समजावा. तारांना हात लावू नये, बाह्या पंख्यापासून दूर ठेवाव्यात, आणि पेट्रोलचा वास येत असल्यास ही परीक्षा मुळीच करू नये.

झाकण पुसून कोरडे केल्याने गाडी तात्पुरती चालते. पण त्याच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसल्यास ती जळून तयार झालेल्या कार्बनची असते. कार्बन विद्युत्‌वाहक असल्याने असे झाकण बदललेच पाहिजे. वेष्टन तडकलेल्या तारांनाही हाच नियम लागू आहे.

येथवर काही न सापडल्यास काळवेळ पाहावी. थंड, दमट हवेत काही अंतर चालल्यावर गाडी बंद पडत असेल आणि थोडा वेळ उभी राहिल्यावर आपोआप चालू होत असेल, तर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचत असण्याचा संभव आहे. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते व आतील तापमान २० अंशांहूनही अधिक उतरू शकते. म्हणून बाहेर ५ ते १० अंश सेल्सियस असतानाही हवेतील बाष्प आत गोठते. गाडी थांबली की इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो व पुरावा नाहीसा होतो! पुष्कळ गाड्यांत एग्झॉस्टजवळची गरम हवा एअर क्लीनरकडे आणणारी नळी असते. ती फाटली अथवा हरवली असल्यास नवी बसवावी.

टाकीत पाणी शिरले असेल तर मात्र केवळ ऊन पडल्याने दोष जात नाही. पाणी पेट्रोलहून जड असल्याने काढलेल्या पेट्रोलच्या तळाशी ते वेगळे दिसते.

इंजिन बंद पडताच निर्वात साहाय्याने चालणारे ब्रेक लवकरच जड होतात. ओल्या उतारावर वा रेल्वे फाटकावर हे जिवावर बेतू शकते. म्हणून एका वेळी एकच भाग बदलावा व तोच तुषार पुन्हा उडवून पाहावा. इंजिन अडखळले नाही, तरच निदान सिद्ध झाले असे मानावे.