काम, अभ्यास आणि पाचारण

शास्त्रवाचन : दानीएल १:३-५, १ राजे १९:४-८, लूक १४:२८-३०.

नर्स होण्याची इच्छा असलेल्या आपल्या कित्येक मुलींना बारावीनंतर नुसते घरी बसून अभ्यास करणे परवडत नाही. त्या एखाद्या खाजगी दवाखान्यात अर्धा दिवस मदतनीस म्हणून काम करतात व उरलेल्या वेळी प्रवेशाची तयारी करतात. आमच्या रविवारच्या वर्गात अशाच एका मुलीने विचारले, "बाई, रात्रपाळीची आली नाही की मला थांबायला सांगतात. रोगी समोर असतो. मग नाही म्हणणे हे पाप होईल काय?" या प्रश्नाचा आपण शास्त्राच्या प्रकाशात विचार करू.

१. तयारी हीसुद्धा सेवा आहे. राजासमोर उभे राहण्यापूर्वी दानीएल व त्याचे सोबती यांना तीन वर्षे शिकावे लागले. ती वर्षे वाया गेली नाहीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिला घरून विरोध होता. ती पहाटे उठून दिव्याच्या उजेडात रुग्णालयांचे अहवाल वाची व न्याहारीच्या वेळी घरच्या कामास हजर होई. १८५१ साली तिने जर्मनीतील कायझर्सवर्थ येथील प्रॉटेस्टंट सेविकांच्या संस्थेत शिक्षण घेतले आणि १८६० साली लंडनमध्ये तिच्या नावाची नर्सिंगची शाळा सुरू झाली. पहाटेचे ते वाचन रोग्यांपासून पळणे नव्हते.

२. आधी हिशेब करा. बुरूज बांधणाऱ्याने प्रथम बसून खर्च पाहावा, असे प्रभूने शिकविले. आठवड्याचे तास १६८. रोज ७ तास झोप धरली तर ४९ गेले. सहा दिवस ५ तास काम म्हणजे ३०, जाण्यायेण्याचे ६, रोज ३ तासांप्रमाणे सहा दिवसांच्या अभ्यासाचे १८. उरलेल्या ६५ तासांत घरकाम, जेवणखाण, विश्रांती व उपासना बसते. पण आठवड्यातून दोन रात्री दिल्या की हा हिशेब मोडतो, आणि पहिला घाव अभ्यासावर पडतो.

कशाची तयारी करायची हेही आधी ठरवावे. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचे असून त्यासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हवे. जीएनएम ३ वर्षांचे असून कला शाखेच्या मुलींनाही त्याचे दार उघडे आहे. प्रवेशाचे नियम राज्याराज्यांत वेगळे असल्याने आपल्या राज्याचे माहितीपत्रक स्वतः वाचावे.

३. थकवा हा अविश्वास नव्हे. एलीया थकून झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला दोष दिला नाही. त्याला भाकर व पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले. झोप मारून केलेले वाचन ध्यानात राहत नाही, आणि पेंगुळलेल्या हाताने रोग्याचे काम करणे धोक्याचे असते.

४. आपली मर्यादा ओळखा. रोग्याला कूस बदलून देणे, भरवणे, धीर देणे, स्वच्छता राखणे हे मदतनिसाचे काम. शिक्षण नसता कोणी इंजेक्शन द्यावयास सांगितले, तर नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणावे. तेथे नकार देणे हेच रोग्यावरील प्रेम होय.

तर त्या मुलीला काय सांगावे? खरोखर संकटाची वेळ असेल तर एखादी रात्र आनंदाने द्यावी. पण दुसऱ्याच्या गैरसोयीचा रोजचा भार तिच्यावर पडत असेल, तर नाही म्हणणे पाप नव्हे. कामाचे तास आरंभीच ठरवून घ्यावे आणि परीक्षेची तारीख आधी कळवावी.

मंडळीचेही कर्तव्य आहे. अशा मुलीला गायनसंघ, शब्बाथशाळा व तरुणसंघ या सर्वांत एकदम जुंपू नये. तिला अभ्यासासाठी चर्चची एक शांत खोली द्यावी. मंडळीतील निवृत्त नर्सने आठवड्यातून एक तास तिला शिकविले, तर केवढी मदत होईल!

चर्चेसाठी प्रश्न :
(१) आपल्या वर्गातील कोण काम करून शिकत आहे?
(२) त्याचा वा तिचा कोणता भार आपण उचलू शकतो?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या मुलींना सेवेची आवड दिलीस, तसाच तयारीसाठी धीरही दे. आमेन.