माका, एकदांडी व गाजरगवत यांची ओळख

पावसाळा सरत आला म्हणजे मुरुडच्या शिवारांत बांधावर, पाटाच्या कडेला व पडीक जागेंत पांढऱ्या लहान फुलांचीं झाडें दिसूं लागतात. त्यांपैकीं माका, एकदांडी व गाजरगवत हीं तिन्ही आपल्या करडई-सूर्यफुलाच्याच कुळांतील होत. या कुळांत आपण जें एक फूल समजतों, तो वस्तुतः अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. या साम्यामुळें ओळखण्यांत चूक होते. प्रस्तुत लेखकानेंच एकदां केसांच्या तेलासाठीं माका समजून टोपलीभर एकदांडी आणिली. पाला वाटल्यावरही रस काळा होईना, तेव्हां चूक ध्यानांत आली.

महसुलाच्या कामांत जमीन चतुःसीमेवरून ओळखतात. तद्वत् झाडाच्याही चारी बाजू पाहाव्या. केवळ फुलावर भिस्त ठेवूं नये.

माका : हा ओलीच्या जागीं वाढतो. पानें समोरासमोर, लांबट, खरखरीत व बहुधा बिनदेठाचीं असतात. फुलाच्या पांढऱ्या पाकळ्या पुष्कळ व अगदीं बारीक असतात. पान चुरगळलें असतां रस थोड्याच वेळांत काळसर होतो. ही पक्की खूण होय. बियांस पिसें नसतात.

एकदांडी : ही कोरड्या बांधावर व रस्त्याकडेला पसरते. पानाची कड करवतीसारखी असते. वीतभर लांब, बिनपानाच्या दांडीवर एकच फूल येतें. त्याचा मध्य पिवळा असून भोंवतीं बहुधा पांच फिकट पाकळ्या व प्रत्येकीच्या टोंकास तीन दांते असतात. बियांस पिसें असल्यानें त्या वाऱ्यावर उडतात.

गाजरगवत : पानें गाजराच्या पानाप्रमाणें चिरलेलीं, झाड उभें व फांद्यांचें, फुलें बारीक, पांढरीं व असंख्य. मूळचें अमेरिकेंतील हें तण १९५५ सालीं पुण्यास आढळलें व पुढें देशभर पसरलें. एक झाड हजारों बिया टाकतें. त्याच्या स्पर्शानें पुष्कळांच्या अंगास खाज सुटून पुरळ उठतें, परागानें शिंका व दमा होतो. जनावरांच्या चाऱ्यांत तें आल्यास दूध कडवट होतें.

म्हणून गाजरगवत फुलण्यापूर्वींच, ओल असतां, हातांस कापड गुंडाळून मुळासकट उपटावें. फुलावर आलेलें झाड उकिरड्यांत टाकूं नये. त्याचें बीं खताबरोबर शेतांत परत येतें. आपल्या गड्यांस व मुलांस हीं तिन्ही झाडें बांधावर शेजारीं शेजारीं ठेवून दाखवावीं, म्हणजे उपयोगी माका उपटला जाणार नाहीं व घातक तण राहणार नाहीं.