जाममध्ये टर्बो डिझेलचं गॅरेज टाकायचं? आधी कूलिंग, मग गिअरबॉक्स

व्हिडिओमध्ये वेळेअभावी जे हिशोब पटापट सांगून टाकले, ते इथे नीट लिहून देतोय. वही घेऊन बसा.

ज्यांना जाम माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं गाव. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग ४४ इथून जातो, आणि इथूनच वरोरा-चंद्रपूरचा रस्ता फुटतो. म्हणजे दोन दिशांची वाहतूक एका नाक्यावर. त्यात बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा, जुन्या स्विफ्ट डिझायर डिझेल, सगळी टर्बो डिझेल मंडळी. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४७-४८ पर्यंत जातो, गाडीत सात जण, वर कॅरिअरवर सामान आणि एसी फुल. आता सांगा, या नाक्यावर गिऱ्हाईक कशासाठी थांबेल? गाडी गरम झाली म्हणून. "पॉवर वाढवून द्या" म्हणणारा दहा दिवसांतून एखादा येईल.

तरी नवीन पोरांचं डोकं पहिल्यांदा पॉवरकडेच जातं. लॅपटॉप घ्यायचा, रिमॅप करायचा, २०-२५ टक्के ताकद वाढली म्हणून सांगायचं. दिसायला झकास, कमाई पटकन. पण वाढलेली ताकद पुढे कुठे जाते हे बघा.

यासाठी आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. महिंद्राची स्कॉर्पिओ, नाशिकची गाडी. २.२ लिटरच्या एमहॉक इंजिनाचा टॉर्क होता २८० न्यूटनमीटर, ताकद १२० अश्वशक्ती. २०१७ साली कंपनीने वरच्या मॉडेलमध्ये तो ३२० केला आणि ताकद १४० केली. टॉर्कमधली वाढ १४ टक्के, फक्त. पण तेवढ्यासाठी कंपनीने सोबत सहा गिअरचा नवा गिअरबॉक्स दिला. १२० अश्वशक्तीच्या खालच्या मॉडेलला जुना पाच गिअरचाच ठेवला. ज्यांच्याकडे टेस्ट ट्रॅक आहे, इंजिनिअर आहेत, ते १४ टक्क्यांना गिअरबॉक्स बदलतात. आणि आपण २५ टक्के वाढवून जुन्याच क्लचप्लेटवर गाडी सोडणार?

होतं काय, तर पहिल्यांदा क्लच घसरतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही. मग ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर ते खडखडायला लागतं. त्यानंतर बेअरिंग आणि सिंक्रो रिंगची पाळी. गिऱ्हाईक मात्र तुमच्याच दारात येणार, कारण शेवटचा हात तुमचा लागलेला असतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी उष्णता काढायची सोय, मग ताकद पेलायची सोय. ताकद वाढवण्याचा विषय सगळ्यात शेवटी, आणि माझं स्पष्ट मत आहे की पहिली दोन वर्षं तो बोर्डवर लिहूच नका.

कूलिंगचं काम शिकण्यासारखं आहे, कारण इथे पार्ट विकण्यापेक्षा निदानाला किंमत आहे. डिझेलमधल्या उष्णतेचा ढोबळ तिसरा हिस्सा चाकाकडे जातो, तिसरा सायलेन्सरमधून आणि जवळपास तेवढाच कूलंटमधून बाहेर काढावा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं "गाडी गरम होते". तुम्ही पहिला प्रश्न विचारायचा: कधी? टोलनाक्यावर, ट्रॅफिकमध्ये उभी असताना गरम होते आणि पळायला लागली की काटा खाली येतो, तर फॅनकडे बघा. स्कॉर्पिओ-बोलेरोसारख्या गाडीत व्हिस्कस फॅन असेल तर त्यातलं सिलिकॉन ऑइल गळून कपलिंग ढिली पडलेली असते. उलट उभी असताना ठीक आणि समृद्धीवर १२० ने सलग पळवली की तापते, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा बाहेरून जाळीत किडे-माती बसलीय, नाहीतर वॉटर पंप कमी पाणी फेकतोय. टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या, आणि नवा रेडिएटर विकायच्या आधी ते तपासा.

झाकणाकडे कोणी बघत नाही. रेडिएटर कॅप दाब धरून ठेवते म्हणून आतलं पाणी १०० अंशाला उकळत नाही. अर्धं कूलंट, अर्धं पाणी आणि एक बारच्या आसपासचा दाब, एवढ्यावर उकळबिंदू १२५ च्या पुढे जातो. रबर कडक झालेली कॅप दाब सोडते आणि सगळं गणित बिघडतं. काही शे रुपयांची वस्तू, पण हजारोंचं हेड वाचवते. पाणी डिस्टिल्ड वापरा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार बसतात, हे घरच्या गिझरवरूनच कळतं. आणि "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील" हा सल्ला देणारे उस्ताद प्रत्येक नाक्यावर भेटतील. त्याने इंजिन कधीच नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, ॲव्हरेज पडतं. खरा दोष तसाच राहतो तो वेगळाच.

टर्बोची अजून एक गोष्ट. दाबलेली हवा शंभर अंशांच्या वर सहज जाते, तिला थंड करतो इंटरकूलर. स्कॉर्पिओच्या बॉनेटवर जे तोंड दिसतं ते शोभेचं नाही, खालच्या इंटरकूलरला हवा देण्यासाठी आहे. पाइपचा क्लॅम्प ढिला असला की हवा फुसकन निघून जाते, काळा धूर येतो, आणि मालक म्हणतो टर्बो गेला. दहा मिनिटांचं काम. प्रामाणिकपणे दहा मिनिटांचेच पैसे घ्या, तो माणूस पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुमच्याकडेच उघडेल.

गिअरबॉक्सच्या कामात दोन सवयी लावा. एक, ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच. जीएल-४ सांगितलं तिथे "भारी आहे" म्हणून जीएल-५ ओतलं तर त्यातली रसायनं पितळी सिंक्रोला खाऊ शकतात. दोन, बॉक्स उतरवलाच आहे तर क्लच, रिलीज बेअरिंग आणि मागचा ऑइल सील तपासून मालकाला फोटो पाठवा. नंतर परत उतरवायला लागलं तर मजुरी कोणाच्या खिशातून जाईल ते सांगायला नको.

आता पैशाचं बोलू. समजा भाडं, वीज, एक मेकॅनिक, एक हेल्पर, हप्ता मिळून महिन्याला ६०,००० खर्च. २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. तासाला ३०० रुपये पडले. पण सुरुवातीला निम्मेच तास काम असतं, तेव्हा खरा भाव ६०० धरा. गिअरबॉक्स उतरवून, उघडून, चढवायला १० तास लागले तर ६,००० ही नुसती खर्चाची वसुली झाली. दहातलं एक काम परत येतं असं धरलं तर ६,६००. नफा अजून मिळवायचाच आहे. शेजारचा ३,५०० मध्ये करतो म्हणून तुम्ही ३,५०० सांगितले, तर प्रत्येक गाडीमागे तुम्ही गिऱ्हाइकाला पैसे देताय.

कायद्याचं पण लिहून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला आडकाठी करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून खराब झालेल्या भागाच्या जागी त्याच मॉडेलसाठी कंपनीने ठरवलेला भाग बसवा. दुसऱ्या मॉडेलचा गिअरबॉक्स बसवून मागणाऱ्याला आधी आरटीओची लेखी परवानगी आणायला सांगा. बीएस-६ गाडीचा धुराचा फिल्टर काढून द्या म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

सुरुवातीचं सामान फार नाही: कूलिंग प्रेशर टेस्टर, इन्फ्रारेड थर्मामीटर, बरा स्कॅनर, गिअरबॉक्स जॅक. मोठा स्टॉक करू नका, नागपूर तासा-दीड तासावर आहे. कॅप, होस, क्लॅम्प, बेल्ट आणि कूलंट मात्र दुकानात हवंच, कारण रात्री नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला सकाळपर्यंत थांबायचं नसतं. कर्जासाठी अर्ज करायचा असेल तर उद्यम नोंदणी करून, वरचा तासांचा हिशोब कागदावर मांडून वर्ध्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा.