द्रव्यसमतोल : कारखान्यातील द्रव्याचा हिशेब

द्रव्य अक्षय्यतेचा नियम आपण शाळेत शिकतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तो मांडला. रासायनिक अभियांत्रिकीतील द्रव्यसमतोल याच नियमावर उभा आहे. रासायनिक क्रिया होत नसेल व पात्रातील साठा बदलत नसेल, तर जेवढे द्रव्य आत येते तेवढेच बाहेर पडते.

साखर कारखान्यातील बाष्पीभवन पात्राचे उदाहरण घेऊ. १००० किलोग्रॅम रसात १५ टक्के विरघळलेले घन पदार्थ आहेत. तो आटवून ६० टक्के घन पदार्थांचा पाक करावयाचा आहे. पाणी वाफेच्या रूपाने जाते, घन पदार्थ मात्र पाकातच राहतात. म्हणून प्रथम ही न बदलणारी राशी धरावी :

घन पदार्थ = १००० × ०.१५ = १५० किलोग्रॅम
पाक = १५० ÷ ०.६० = २५० किलोग्रॅम
वाफ = १००० − २५० = ७५० किलोग्रॅम

आता तोलल्यावर ६० टक्क्यांचा पाक २४० किलोग्रॅमच भरला, असे समजा. त्यात घन पदार्थ १४४ किलोग्रॅम येतात. उरलेले ६ किलोग्रॅम नष्ट झालेले नाहीत. मापनात चूक नसेल व पात्रात काही साचले नसेल, तर ते गळतीतून किंवा वाफेसोबत उडालेल्या थेंबांतून गेले. ही साखर सांडपाण्यातून ओढ्यात पोहोचली, तर तिच्यावर वाढणारे सूक्ष्मजीव पाण्यातील प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. म्हणून हिशेब जुळत नसेल, तेव्हा आकडे जुळवून घेऊ नयेत. हरवलेले द्रव्य कोठे गेले, हे शोधावे.