उभ्या मोटारीची झेप

अमेरिकेत मोटारींची एक निराळीच शर्यत असते. तीत वळणे नसतात, फेऱ्याही नसतात. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर, नाकासमोर धावतात. खांबावरचे पिवळे दिवे लागून हिरवा दिवा लागला की निघायचे. या शर्यतींत गाजलेली एक मोटार म्हणजे ब्यूइक कंपनीची 'ग्रँड नॅशनल'. तिच्या 1987 च्या नमुन्यात 3.8 लिटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन, त्यावर टर्बोचार्जर आणि आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा होती. एंजिनाची शक्ती होती 245 अश्वशक्ती. एवढी शक्ती हाती असूनही चालकापुढे एक प्रश्न असे : जागेवरून निघताना ती सारी वापरायची कशी? हा प्रश्न सोडविण्यासाठी शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

पहिल्या सेकंदाचे कर्ज

समजा, दोन मोटारी एकाच क्षणी निघाल्या. पहिलीचे त्वरण आरंभापासून दर सेकंदास 5 मीटर प्रतिसेकंद आहे. दुसरीचे पहिल्या सेकंदात त्याच्या निम्मे, म्हणजे 2.5 आहे, पुढे मात्र तेही 5 होते. तीन सेकंदांनंतर पहिली मोटार 22.5 मीटर गेलेली असेल, तर दुसरी 16.25 मीटर. म्हणजे सव्वासहा मीटरांचा फरक! एका मोटारीच्या लांबीहून हे अंतर जास्त आहे.

गंमत अशी की, दुसरीची सुस्ती दोन सेकंदांपूर्वीच संपली आहे, तरी अंतर वाढतच चालले आहे. कारण पहिल्या सेकंदात तिचा वेग प्रतिसेकंद 2.5 मीटरने कमी राहिला. त्वरण सारखे असेपर्यंत हा तोटा भरून निघत नाही. म्हणून पहिल्या सेकंदाला एवढे महत्त्व.

टर्बो उशिरा का जागा होतो?

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत बरीच ऊर्जा शिल्लक असते. टर्बोचार्जरमध्ये हे वायू एक चक्र फिरवितात. त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसविलेले असते. ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरते. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, आणि इंधन जास्त म्हणून जोर जास्त. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

पण येथे एक पेच आहे. चक्र फिरण्यासाठी भरपूर वायू हवेत. भरपूर वायू मिळण्यासाठी एंजिनात भरपूर इंधन जळले पाहिजे. आणि त्यासाठी तर चक्र आधी फिरावयास हवे! शिवाय चक्राला जडत्व असते. पूर्ण जोरात त्याचे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे होतात. तेथवर पोचण्यास वेळ लागणारच.

मग उभ्या मोटारीत, गिअर न टाकता, एंजिन नुसते घरघरवले तर? त्याने काम होत नाही. एंजिनावर भार नसेल तर थोड्याशा इंधनावरही त्याचे फेरे झपाट्याने वाढतात. बाहेर पडणारे वायू मात्र थोडेच असतात. टर्बोला जागे करावयाचे तर एंजिनाला काम दिले पाहिजे, आणि मोटार तर जागेवर उभी ठेवावयाची आहे. हे साधावयाचे कसे?

तेलातला दुवा

याचे उत्तर आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीत आधीपासूनच बसविलेले आहे. एक प्रयोग करून पहा. टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंदच राहू द्या. हवेच्या झोताने दुसऱ्याची पातीही फिरू लागतील. आता दुसऱ्याची पाती फिरू न देता पंखा धरून ठेवला, तरी पहिला फिरतच राहील. (पात्यांना हात लावू नका. जाळीबाहेरून, पंखा आधीच दोरीने बांधून, हे पाहता येते.)

अशा मोटारीत एंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लचऐवजी असेच दोन पंखे असतात. ते हवेऐवजी तेलात बुडालेले असतात. एक पंखा एंजिन फिरविते. त्याने भिरकावलेले तेल दुसऱ्याला फिरविते. दोघांच्या मध्ये तिसरा, स्थिर पंखा असतो. परत येणाऱ्या तेलाची दिशा तो वळवितो. त्यामुळे दुसरा पंखा थांबलेला असताना त्यावरचा फिरविण्याचा जोर, म्हणजे परिबल, एंजिनाच्या परिबलाच्या सुमारे दुप्पट होते. दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या जवळ येऊ लागला की हा लाभ कमी होत होत संपतो. जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी हे साधन जहाजांसाठी शोधले आणि त्याचेही पेटंट 1905 सालचेच!

आता चालकाची युक्ती सहज समजेल. तो डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबून धरतो आणि उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबतो. चाके थांबलेली, म्हणून दुसरा पंखाही थांबलेला. एंजिन मात्र तेल घुसळण्याचे जड काम करीत राहते. भार वाढला, वायू वाढले, टर्बो जागा झाला. हिरवा दिवा लागताच ब्रेक सोडावयाचा. या युक्तीने शक्ती वाढत नाही. टर्बोला लागणारा वेळ तेवढा शर्यतीच्या आधी उरकून घेतला जातो.

याची किंमत

समजा, ब्रेक धरलेला असताना एंजिन मिनिटाला 2000 फेरे करीत असून 150 न्यूटन-मीटर परिबल देत आहे. परिबलास कोनीय वेगाने गुणले की शक्ती मिळते. ती येथे सुमारे 31 किलोवॉट येते. दुसरा पंखा फिरतच नाही, म्हणून तो काहीच कार्य करीत नाही. मग ही ऊर्जा जाते कोठे? सगळी तेलाच्या उष्णतेत जाते. आंघोळीचे पाणी तापविणारे 2 किलोवॉटचे पंधरा गीझर एकदम चालू केल्यासारखेच हे आहे! यंत्रणेत 7 किलोग्रॅम तेल असून 1 किलोग्रॅमचे तापमान 1 अंशाने वाढविण्यास 2000 जूल लागतात असे धरले, तर तेल दर सेकंदास दोन अंशांहून अधिक तापेल. पंख्यांमधले तेल तर त्याहूनही लवकर. तेल करपले की त्याचे वंगणाचे गुण जातात आणि गिअरपेटी निकामी होते. म्हणून ही युक्ती दोन-तीन सेकंदांपुरतीच असते. ब्रेक कमी पडल्यास मोटार एकाएकी पुढे उसळते. म्हणून तिची जागा बंदिस्त शर्यतपथावर आहे, रस्त्यावर कधीही नाही.

शेवटचा शब्द टायरचा

एंजिन कितीही जोर देवो, मोटारीला पुढे ढकलते ते टायर आणि जमीन यांमधले घर्षण. समजा, मोटारीचे वस्तुमान 1600 किलोग्रॅम आहे आणि चालविणाऱ्या मागच्या चाकांवर त्याचा 45 टक्के भार आहे. घर्षणांक 0.9 धरला तर घर्षणबलाची मर्यादा सुमारे 6350 न्यूटन येते. मोटार झेपावताना काही भार मागे सरकतो. तो हिशेबात घेतल्यास ही मर्यादा 7700 न्यूटनांच्या आसपास जाते. चाकाची त्रिज्या 0.33 मीटर असेल, तर चाकांना सुमारे 2540 न्यूटन-मीटर परिबल पुरे. ग्रँड नॅशनलच्या पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर 2.74 × 3.42, म्हणजे सुमारे 9.4 होते. शिवाय तेलातल्या दुव्याचा दुपटीचा लाभ. म्हणजे वाटेतला व्यय सोडल्यास एंजिनाकडून मागणी आहे फक्त 136 न्यूटन-मीटरांची!

या एंजिनाचे कमाल परिबल होते सुमारे 481 न्यूटन-मीटर. तेव्हा साध्या टायरांवर पहिल्या क्षणी टर्बोचा सगळा जोर दिला, तर चाके जागच्या जागी घसरत फिरतील. घसरत्या टायरचे घर्षण तर आणखी कमी होते. असा चालक टर्बो पुरता जागवूनही मागे पडेल. दुपटीचा लाभ सरला आणि पुढचा गिअर पडला, की मग खरी गरज लागते. म्हणून त्याने थोडासाच दाब तयार ठेवून निघावे आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबत न्यावा.

शर्यतीसाठी मऊ, चिकट टायर लावले आणि घर्षणांक 1.5 झाला तर? तोच हिशेब पुन्हा केला की मागणी 266 न्यूटन-मीटर येते. वाटेतला व्यय धरल्यास ती 300 च्या पुढे जाते. आता टर्बोविना भागणार नाही. ब्रेक धरून त्याला जागविण्याचे चीज होते. एकच मोटार, एकच युक्ती; टायर बदलताच फळ वेगळे!

यातून निघणारा नियम मोटारीपुरता नाही. हवा, तेल आणि टायर ही एक साखळी आहे. सर्वांत कच्ची कडी कोणती हे आधी हिशेबाने शोधावे आणि तीच सुधारावी. पक्क्या कडीवर केलेली मेहनत वाया जाते.

आज अनेक मोटारींत हे काम संगणक करतो. तो एंजिनाचे फेरे ठरावीक ठेवतो आणि चाक घसरू लागताच जोर आवरतो. 2016 साली बाजारात आलेल्या ऑडी एसक्यू-7 मध्ये तर हवा दाबणारे एक चक्र विजेच्या मोटारीने फिरते आणि सुमारे पाव सेकंदात वेग घेते. म्हणजे निष्कास वायूंची वाट पाहणेच नको. टायरचा शेवटचा शब्द मात्र अजूनही कायम आहे.

स्वाध्याय

1. वरील दोन मोटारींमध्ये पाच सेकंदांनंतर किती अंतर असेल?
2. पावसाने रस्ता ओला होऊन घर्षणांक 0.5 झाला. भार मागे सरकण्याचा परिणाम सोडून देऊन घर्षणबलाची मर्यादा काढा.
3. एखाद्या मोटारीची पुढची चाके एंजिनाने फिरतात. झेपावताना भार मागे सरकतो. हे तिच्या फायद्याचे की तोट्याचे? का?