ढकलणे, धक्का आणि 'पुश'
(द्वितीय वर्ष, कला)

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. परंतु तो शब्द कोणाच्या पंगतीला बसतो, हे अर्थ पाठ करून कळत नाही. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५१ मधील एका निबंधात शब्दांच्या या सहवासाला 'कोलोकेशन' ही संज्ञा वापरली.

'पुश' हे क्रियापद आहे आणि नामही. लॅटिन 'पुल्सारे'पासून फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. नाडीचा 'पल्स'ही त्याच मुळाचा. आपण गाडी ढकलतो, गर्दीतून रेटत जातो, ताट बाजूला सारतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'पुश'च. अर्थाचा भार 'थ्रू', 'असाइड' अशा शेजाऱ्यांवर.

माझे वडील भाजीची हातगाडी ढकलतात. बँकेच्या काचेच्या दारावरचा 'पुश' त्यांनी विचारला, तेव्हा 'ढकला' एवढ्यावर भागले. पण आमच्या घरी 'दार लोट' म्हटले की दार बंद करायचे असते! इंग्रजीत ढकलून उघडणे म्हणजे 'पुश द डोअर ओपन' आणि बंद करणे म्हणजे 'पुश द डोअर शट'.

सर्वांत फसवी जागा परीक्षेची. आपण परीक्षा 'पुढे' ढकलतो. इंग्रज ती 'पुश बॅक' करतो, म्हणजे मागे! 'पुश फॉरवर्ड' म्हणजे नेटाने पुढे जाणे. पेपरात शब्दशः भाषांतर करणाऱ्याचे गुण येथे हमखास जातात.

नामाचे प्रकरण आणखी नाजूक. धक्का मारणे हे 'गिव्ह अ पुश'. मात्र वाईट बातमीने बसतो तो धक्का 'शॉक', आणि बोट लागते तो धक्का तर वेगळाच. 'गिव्ह हिम अ पुश' म्हणजे त्याला जरा धक्का द्या. 'गिव्ह हिम द पुश' म्हणजे ब्रिटिश बोलीत त्याला नोकरीवरून काढा. एका उपपदात माणसाची भाकरी जाते! आपण मात्र 'अ' आणि 'द' यांना किरकोळ समजून सोडून देतो.

'पुश अ बटन', 'पुश प्राइसेस अप', 'अ फायनल पुश' हे जोड सोपे आहेत. वहीत उतरवून ठेवले की पुरे. 'पुशिंग फॉर्टी' म्हणजे चाळिशीला टेकलेला. 'ॲट अ पुश' म्हणजे ओढूनताणून, कसेबसे. आपल्या वर्गातील बाक तिघांचा आहे. चौथा आला तर 'फोर ॲट अ पुश'.