होडीचा ट्रेलर आणि हुकावरचं वजन



उन्हाळ्यात कारंजाचं पाणी आत सरकलं की होड्या, इंजिनं, जाळी एका काठावरून दुसऱ्या काठाला न्यावी लागतात. पिकअपला ट्रेलर जोडून भालकी-हुमनाबाद रस्त्याला लागलं की काहींचा ट्रेलर मागं सापासारखा झुलतो. हल्ली काही सभासद मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवून विचारतात, 'वेट डिस्ट्रिब्युशन हिच' बसवून घ्यावा का? त्याच्याआधी वजनाचं बघू.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे नव्यानं सांगायला नको. गाडी उलाळ झाली की जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला पट्टा आवळतो. धुरजड झाली की सगळा भार खांद्यावर. ट्रेलरचंही तसंच. मागं वजन जास्त झालं की दांडा हुकाला वर उचलतो, पिकअपच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रेलर झुलायला लागतो. पुढं फार झालं तर पिकअप मागं बसतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक नीट लागत नाहीत. रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जाते ती वेगळीच.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हुकावर यावं. ट्रेलर होडीसकट ३०० किलो असेल तर ३० ते ४५ किलो. मोजायला मासळीचा काटा पुरतो. सपाट जागेवर चाकांना दगड लावा, ट्रेलर सोडा, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून दांड्याचं तोंड त्यावर टेकवा. उंची हुकाइतकीच पाहिजे, आणि ठोकळ्याचं वजन वजा करायला विसरू नका.

बहुतेक वेळा घोळ इंजिनाचा असतो. ४० किलोचं इंजिन होडीच्या मागच्या फळीवरच राहिलं, ती फळी चाकापासून दीड मीटर मागं आणि हुक तीन मीटर पुढं असेल, तर हुकावरचं २० किलो वजन कमी होतं. तेच इंजिन काढून चाकाच्या एक मीटर पुढं बांधलं तर १३ किलो वाढतं. म्हणजे ३३ किलोचा फरक, एक पैसा खर्च न करता! ओली जाळी आणि बर्फाच्या पेट्याही चाकाच्या थोड्या पुढंच ठेवा, आणि आवळून बांधा.

आता तो हिच. त्यात स्प्रिंगच्या दोन दांड्या असतात. त्या ताणल्या की हुकावर पडलेला भार थोडा पिकअपच्या पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. बसवताना पुढच्या मडगार्डची उंची आधी मोजतात. समजा ८० सेंटिमीटर होती, ट्रेलर जोडल्यावर ८३ झाली, तर दांड्या ताणून ती निदान ८१.५ पर्यंत खाली आणायची, ८० च्या खाली मात्र नाही. बोल्ट वेळोवेळी आवळायचे, गोळ्याला आणि दांड्यांच्या टोकांना ग्रीस लावायचं, तडा दिसला की दांडी बदलायची. काठाच्या उतारावर शिरण्याआधी ताण सोडायचा, नाहीतर दांड्या वाकतात.

पण हा इलाज धुरजड ट्रेलरचा आहे. तिकडं मोठ्या कॅरव्हॅनला तो लागतो. उलाळ ट्रेलरवर त्याचा उपयोग नाही, आणि आपल्या होडीच्या ४० किलो भाराला त्याची गरजही नाही. वेल्डिंगच्या दुकानात बघून-बघून तसलं काही करून घेऊ नका. साधा हुक, पिन, पिनेची क्लिप आणि दोन सुरक्षा साखळ्या धड असू द्या.

ट्रॅक्टरवाल्यांनी तर जास्तच जपावं. दोनचाकी ट्रॉलीचा भार हुकावर येतो, त्यामुळे काठ चढताना पुढची चाकं उचलतात. काळ्या चिखलात रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी मागच्या ॲक्सलला किंवा त्याच्या वर कधीही बांधू नका. ट्रॅक्टर मागं उलटतो आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. साखळी खालच्या हुकालाच बांधा. दांड्यावर पोरं बसवणं तर आजपासून बंद करा, कितीही जवळ जायचं असलं तरी.

ज्यांना वजन करून बघायचं आहे त्यांनी मासळीचा उठाव झाल्यावर संस्थेच्या काट्यावर या. ट्रेलर भरलेलाच आणा, रिकाम्याचं वजन करून काही कळत नाही.